पाणीताईचा आवाज

नळाला पाणी आलं नाही की सगळं शहर जिच्यावर ओरडायचं, ती ही पाणीताई. पाणीपुरवठ्याच्या तक्रारखोलीत खिडकीजवळची खुर्ची तिची. तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. समोरचा कितीही तापलेला असो, "बोला, मी ऐकतेय," एवढं ती म्हणाली की त्याचा पारा उतरायला लागे. शेजारी मीटरच्या तक्रारी घेणारा मीटरवाला म्हणायचा, "ताई, नळातून नुसती हवा आली तरी तुम्ही माणसाची तहान भागवाल."

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र या आवाजाला काही काम नसे. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी शेवटी तर ओळख विसरून लेकीलाच "अहो बाई" म्हणायची. तेव्हा घरात सारख्या हाका असत. आता घर खायला उठायचं. पाणीताई ओट्याशी उभ्यानेच चार घास पोटात ढकलायची आणि दिवा तसाच चालू ठेवून पडायची. झोप म्हणून लागायची नाही. रविवारी दादाचा फोन येई.

"बरी आहेस ना?"

"हो रे. तू?"

"मजेत."

संपलं. सोमवारी पहिला फोन घेताना घसा खरखरला की तिच्या लक्षात येई, काल आपण एवढंच बोललो.

एका दुपारी नेहमीच्या म्हातारीचा फोन आला. तिचा नळ ठिबकायचा. ते काम या खोलीचं नव्हे, पण म्हातारीला प्लंबरपेक्षा बोलायला माणूस हवं आहे, हे पाणीताई ओळखून होती. त्या दिवशी म्हातारी सहज बोलून गेली, "माझ्या लेकीला ना, मी कधी एकदा जाते असं झालंय बघ."

पाणीताईने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. पलीकडून "अगं, ऐकतेस ना?" चालूच होतं. ती फोन कानाला लावून नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, एका दुकानदाराच्या फोनवर. त्याने अर्थातच वरपर्यंत ओरड केली.

तक्रारखोलीच्या प्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "ताई, कुणाशी तरी बोलून या. बुधवारी समुपदेशक बाई येतात ना आपल्याकडे."

"मला वेडबिड नाही लागलेलं, मॅडम."

"दाढ दुखली म्हणून डॉक्टरकडे जाणाऱ्याला वेडं म्हणतो का आपण? आणि हे असंच चाललं, तर मला तुम्हाला फोनवरून उठवून आत फायलींवर बसवावं लागेल. मला ते नकोय."

फायलींचं काम हलकं होतं, पण फायली बोलत नाहीत. फोन गेला, तर दिवसभरात तिला हाक मारणारं कोण उरणार होतं?

बुधवारी ती गेली. समुपदेशक बाई तिच्याहून लहानच होत्या, सर्दीने नाक लाल झालेलं.

"बोला, मी ऐकतेय," बाई म्हणाल्या.

पाणीताईला हसूच आलं. "हे वाक्य माझं आहे हो."

"मग पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल."

"पुढे समोरचा तक्रार सांगतो. पण माझी काही तक्रारच नाही. झोप जरा कमी, एवढंच." ती ताकास तूर लागू देईना. बाई गप्प राहिल्या. "गप्प बसलं की समोरचा बोलतो, हेही आम्हाला शिकवलंय," पाणीताई म्हणाली.

"पकडलंत मला," बाई नाक पुसत म्हणाल्या. "बरं, घरी कोण कोण असतं?"

"मी." मग जरा थांबून, "मीच."

एवढंसं उत्तर, पण ते देऊन झाल्यावर तिला मान वर करवेना. टेबलाच्या कडेकडे बघत ती बोलू लागली. "आई गेली ना, त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी झोपले. गाढ. उन्हं अंगावर येईपर्यंत. किती वर्षांनी तशी झोप लागली असेल! उठले तर मावशी म्हणाली, 'तूही सुटलीस गं.' आणि मला... मला ते खरं वाटलं."

इथे आवाज पुन्हा गेला. बाई "असं काही मनात आणू नका" म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दमला होतात तुम्ही. आई हवी होती हेही खरं, दमला होतात हेही खरं. इथे दोन्ही बोलता येईल."

पाणीताई शाळेतल्या पोरीसारखी नाक ओढत रडली. टेबलावरचे कागदी रुमाल दोघींनी मिळून संपवले.

जादू काही झाली नाही. त्याच आठवड्यात फोनवर आवाज पुन्हा अडकला. पण "एक मिनिट हं," एवढं तिने कसंबसं म्हटलं, पाणी प्यायली आणि बोलली. मॅडमनी तिची खुर्ची हलवली नाही. पुढच्या बुधवारीही जायचं ठरलं होतं. घर तेवढं होतं तसंच होतं.

रविवारी दादाचा फोन आला. "बरी आहेस ना?"

"नाही रे, दादा."

पलीकडे टीव्ही चालू होता. "म्हणजे? ताप-बिप आहे का?"

"ताप नाही. एकटं वाटतं. आईबद्दल बोलायचंय मला."

"मला असलं काही बोलता येत नाही गं. तुला माहितीय."

"तू बोलू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस."

टीव्हीचा आवाज थांबला. खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं. पाणीताई भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि सांगू लागली. पहिल्याच वाक्याला अडखळली, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.