बेरियमचा निम्मा पेला

औशाच्या आमच्या थोरल्या साडूंनी, म्हणजे अण्णांनी, उभ्या जन्मात एकट्याने काही गिळलं असेल यावर माझा विश्वास नाही. चहा समोर आला की निम्मा बशीत ओतून ते शेजारच्यापुढे सरकवत. शेजारी कुणी नसेल तर चहा निवेपर्यंत रस्त्याकडे बघत बसत. दुष्काळात लोक टँकरमागे हंडे घेऊन पळायचे आणि चहा अर्धाच कप मिळायचा, तर अण्णा त्या अर्ध्याचाही निम्मा करायचे. पिशवीत स्वतःची बशीच असे. एकदा तर त्यांनी सुटलेली एस.टी. हात करून थांबवली, खिडकीतून कंडक्टरला बशी पाजली आणि "जाऊ द्या" म्हणून गाडीवर थाप मारली.

त्यामुळे ते जेवणावरून उठून इतरांनाच वाढू लागले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. त्यांच्या बायकोला ताटात भाकरी तशीच दिसली, तेव्हा कुठे अण्णांनी कबूल केलं, "घास छातीत अडकायलाय." त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं आणि त्यातच ते गेले होते. आम्ही हबकलो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यावर मात्र अण्णांचा भारी भरवसा. "जिल्ह्याच्या मशीनला दिसंल की," म्हणाले. तिथल्या दवाखान्यात एक्स-रेसाठी उपाशीपोटी बोलावलं होतं, म्हणून सोबत मीही उपाशीच निघालो.

डॉक्टरांनी पेलाभर बेरियम हातात दिलं, कालवलेल्या चुन्यासारखं. ते गिळताना अन्ननलिकेत कुठे अडतं ते पडद्यावर दिसतं, मी सांगेन तेव्हाच प्या, असं बजावून ते शिशाचा एप्रन चढवायला गेले. तेवढ्यात अण्णांनी पिशवीतून बशी काढली.

"घ्या पाव्हणं, तुम्ही बी उपाशीच आलाव."

त्यांना नाही म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. मी डोळे मिटून दोन बश्या प्यालो. डॉक्टरांनी परत येऊन आधी पेला पाहिला, मग बेरियमने पांढऱ्या झालेल्या माझ्या मिशा.

"पेशंट कोण आहे?"

"आजारी म्या हाय," अण्णा म्हणाले. "हे नुसते सोबतीला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि उरलं त्यावरच भागवायचं ठरवून दिवा मालवला. पडद्यावर पांढरी धार उतरली, जठराच्या तोंडाशी आली आणि थांबली. खाली फक्त सुतासारखी रेघ गेली.

"थांबलं न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"बरं. आता यांचं बघा. म्या निम्मं पाजलंय, यांना कुठं अडकलं तर माझ्या जिवाला घोर."

ते हटेनात. शेवटी डॉक्टरांनी तळाचा घोट देऊन मला पडद्यामागे उभं केलं. धार सरळ पोटात गेली.

"बघा डॉक्टर, कसं सरसर उतरलं," अंधारात अण्णा म्हणाले, आणि खुशीत हसले.

त्यांच्या आजाराचं नाव डॉक्टरांना मीच विचारलं. अण्णा पुढे फार दिवस राहिले नाहीत. माझ्या घशाखाली घोट उतरला म्हणून इतका खूश होणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.