रणपिसे आणि फॅक्सचा रकाना

१७ नोव्हेंबर. त्या दिवशीचं काम एका सहीचं होतं. 'जुनी संगणक प्रणाली महिनाअखेर कायमची बंद करण्यास वैद्यकीय नोंदी विभागाची हरकत नाही,' असा कागद टेबलावर येऊन पडला होता. सही करण्याआधी एक गोष्ट विचारावी म्हणून मी रणपिसेंना फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीनं. "बाबा परवा गेले. सकाळी चहा घेता घेता..." आणि मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "तुमचं काही अडलंय का मॅडम?" मी म्हणाले, नाही, काही अडलेलं नाही. हे खोटं होतं.

सदाशिव पेठेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नोंदी विभाग सांभाळते. रणपिसे आम्हाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे. अठरा वर्षांपूर्वी ते प्रणाली बसवायला आले आणि नंतर काहीही बिघडलं की पार मांजरी गावाहून स्कूटरवर तेच येत राहिले. डबा स्वतःचा आणायचे. आमच्या चहाला नाही म्हणायचे नाहीत, पण तो वाईट आहे हे दर वेळी सांगायचे. आमची मैत्री होती असं मी म्हणणार नाही. आम्ही अठरा वर्षं भांडलो, आणि त्यांनी एकही फोन चुकवला नाही.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की रुग्णाला कोणतं औषध सोसत नाही, हे लिहायला त्या प्रणालीत जागाच नव्हती. पुढच्या आवृत्तीत देऊ, असं कंपनीचं उत्तर आलं. "तोवर रुग्णांनी काय करायचं, आजारी पडायचं थांबायचं?" मी रणपिसेंना विचारलं. ते पडद्यावरचे रकाने एकेक करून बघत गेले. मग म्हणाले, "मॅडम, फॅक्स नंबरचा रकाना आहे बघा. कोणत्या पेशंटकडे फॅक्स असतो?"

"सदाशिव पेठेत असेलही एखाद्याकडे."

"असला तरी तो तुम्हाला नंबर देणार नाही."

झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे न सोसणारी औषधं फॅक्सच्या रकान्यात. चार महिन्यांची सोय, असं ते म्हणाले होते. पुढची आवृत्ती आली, तीत औषधांसाठी जागाही होती, पण आमच्या मुलींच्या हाताला फॅक्सचीच सवय लागलेली होती, आणि मीही ती मोडली नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं की ही प्रणाली आता बंद होणार, साहाय्य मिळणार नाही, सर्व ग्राहकांनी नव्या प्रणालीवर यावं. तक्रार पाठवली की उत्तर यंत्रच पाठवायचं. माहिती हलवायला तरुणांची नवी तुकडी आली. हुशार मुलं, कामाला चोख. सगळ्या नोंदी बिनचूक गेल्याचा हिरवा अहवाल त्यांनी मला दाखवला. मी फॅक्सचं विचारलं. "तो रकाना वगळलाय मॅडम. आता कोण वापरतं फॅक्स?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागदोपत्री तो फॅक्सच होता.

रणपिसेंना त्या तुकडीत नावापुरतं ठेवलं होतं. मी सांगितलं तेव्हा ते चहा अर्धा ठेवून उठले. नुसता रकाना उचलून नव्या जागी टाकता येईना, कारण नव्या जागेला यादीतलं औषधाचं नेमकं नावच चालायचं, आणि आमच्या रकान्यात काय काय होतं! 'पेनि. नको.' 'लाल गोळीनं पुरळ.' 'मुलीला विचारा.' 'उजव्या कानाशी बोला.' एकेक वाचण्यावाचून इलाज नव्हता. मग दर शनिवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, ते येऊन बसायचे. मी वाचायचे, ते भरायचे, आणि शंका आली की रुग्णाला फोन. एका आजोबांना त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला काय सोसत नाही?" काका म्हणाले, "तुमच्याकडचा चहा." त्या दिवशी रणपिसे पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. "साक्षीदार मिळाला मॅडम."

मी एकदा विचारलं, कंपनीनं हात काढून घेतलाय, मग तुम्ही का येता? म्हणाले, "रकाना मी सुचवला होता. कंपनीनं नाही." आणि मग, "हे अधीक्षकांच्या कानावर घाला. दोघांच्यानं हे कधी पुरं होणार?" मी नको म्हणाले. आधी काम संपवू, मग सांगू. इतकी वर्षं औषधं भलत्याच जागी लिहिली, हे माझ्या विभागाच्या नावावर लागलं असतं. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही... पण शनिवारी अर्धा तास लवकर यायला लागले.

ते गेले तेव्हा आम्ही 'प'पर्यंत आलो होतो. पाटील, पवार झाले होते. फडके, बर्वे, भोसले, मोरे, शिंदे सगळे बाकी. सही केली असती तर महिनाअखेर ती माणसं कोरी होऊन नव्या पडद्यावर आली असती, आणि पुढच्या डॉक्टरनं बेधडक काहीही टोचलं असतं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही न केलेला कागद घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अठरा वर्षं? आणि आज सांगताय?" मी हो म्हणाले. रकाना रणपिसेंनी सुचवला, पण तो चालू ठेवला मी आणि लपवलाही मी, हेही सांगितलं. ते बरंच बोलले. बोलायलाच हवं होतं. शेवटी जुनी प्रणाली बंद करणं त्यांनी पुढे ढकललं आणि मदतीला दोन परिचारिका दिल्या. खुलासा लेखी मागितला, तो मी दुपारी देते म्हणाले.

दहा वाजता खाली येऊन पहिला फोन लावला. फडके. विचारलं, "आपल्याला कोणतं औषध सोसत नाही?"

"थांबा हं," ते म्हणाले, "हिला विचारून सांगतो."

मी थांबले.