बायोसच्या दारात ह्यांची भेट

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीतच माझी मान कलंडते. डोळे मिटलेत, पण पंख्याची घरघर अजून ऐकू येतेय.

हा कॉम्प्युटर ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. हे जाऊन दोन वर्षं झाली. आता नवी सिस्टीम याला 'अपात्र' ठरवते, आणि संध्याकाळी मुलगा, ओंकार, येऊन तो भंगारात देणार आहे. मला तो अजिबात द्यायचा नाही. ह्यांच्या हातचं एवढंच चालतं राहिलंय. व्हिडिओत सांगतात ते सोपं आहे: मशीन सुरू होताच बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरायचं, परक्या सिस्टीमला अडवणारं सिक्युअर बूट बंद करायचं, जुन्या मशीनवर चालणारी दुसरी सिस्टीम भरलेल्या पेनड्राइव्हला पहिला नंबर द्यायचा. पण तिथे दारातच ह्यांनी पासवर्ड लावून ठेवलाय. मुलाचं नाव, कुलदैवत, ह्यांचं स्वतःचं नाव, सगळं टाकून झालं. पासवर्ड पुसला जावा म्हणून आतला सेलसुद्धा काढून पाहिला. मशीन ढिम्म.

"अगं, किती बडवशील त्या कीबोर्डला?"

हे शेजारी बसलेत. अंगात बनियन, कानावर स्क्रूड्रायव्हर.

"आलात? आधी पासवर्ड सांगा."

"चहा तरी विचार!"

चहासाठी वळते, तर स्वयंपाकघरात पंगत बसलीय. पहिल्या पाटावर हार्डडिस्क ऐसपैस. हे तिला दुसऱ्या पाटावर सरकवतात आणि पेनड्राइव्हला पहिल्यावर बसवतात.

"पाहुण्याला आधी वाढायचं. एवढंच तर करायचंय."

"ते कळलं हो, पण आत शिरू कशी?"

हे कानावरचा स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. आता माझ्यापुढे तांदळाचं ताट आहे आणि अंगावर लग्नातला शालू. असंच ताट लग्नातही होतं. त्यात ह्यांनी अंगठीने माझं सासरचं नाव लिहिलं होतं, वृंदा. माहेरचं 'बकुळा' सासूबाईंना जुनाट वाटलं, आणि त्यानंतर ते या घरात कुणी उच्चारलं नाही. ह्यांनीही नाही.

आज हे स्क्रूड्रायव्हरने लिहितात. बकुळा.

"हा पासवर्ड?" मी ताट जवळ ओढते. "मग कधी हाक का नाही मारलीत?"

"आईसमोर कशी मारणार? म्हणून इथे टाकायचो. तेवढ्यासाठी मशीन मुद्दाम बिघडवायचो."

"लबाड कुठले! आणि मी दर वेळी बोलणी ऐकवायचे."

"इंग्रजीत टाक. सगळी लहान अक्षरं."

खुर्चीची कड पाठीला टोचते आणि जाग येते. मी घाईने पहिलं अक्षर दाबते, पण ते बटण खाली जात नाही. नखाने उचकटते, तर त्याखाली तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला, ओलसर.

तो मुठीत धरून, बटण परत बसवून मी पहिल्यापासून सगळी अक्षरं दाबते. बायोसचा निळा पडदा उघडतो. मी हसतेय की रडतेय, मलाच कळत नाही. पेनड्राइव्हला पहिल्या पाटावर बसवते, तोवर ओंकार दारात.

"आई, खाली टेम्पो थांबलाय."

"परत पाठव त्याला."

"अगं पण झालं काय?"

"तुझ्या बाबांनी मला हाक मारली," मी म्हणते, "माझ्या नावाने."