अल रुवैसची होडी आणि इपॉक्सीचं विरजण

वर्ल्ड कप वर्षभरावर आला होता आणि दोहाभर क्रेन उभ्या होत्या. दोहातल्याच अल सद्द भागात मावशीकडे राहून मी सगळी स्टेडियमं बाहेरून बघणार होतो. पहिल्याच गेटवर बाळूदादा भेटला. मूळ गुहागरचा, त्या स्टेडियमवर सुतारांचा फोरमन. मराठी ऐकून म्हणाला, "स्टेडियम खंय पळतंय? रुवैसला चल, होडी दाखवतो." झालं, शुक्रवारी सकाळी त्याच्या पिकअपमध्ये बसलो.

सोबत वहिनी होत्या, सोलापूरकडच्या. लग्नापासून नवरा इकडे, त्या तिकडे. व्हिजिट व्हिसावर पहिल्यांदाच आलेल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री परतीचं विमान. "लग्नात म्हनले हुते, होडीत फिरवीन. अजून फिरवत्यातच!"

उत्तर टोकाच्या रुवैस बंदरापर्यंत शमाल रोड सरळसोट, तासाभराहून थोडा जास्त. पाणी भरपूर घ्या, पण नाश्ता बंदराजवळ करा. अंडं गुंडाळलेला पराठा आणि दाट दुधाचा करक चहा, स्वस्तात पोट भरतं.

होडी दादाच्या ओळखीच्या मच्छीमाराची, किनाऱ्यावर पालथी पडलेली. तळाला तडा. त्यावर काचेच्या तंतूंचं कापड बसवून इपॉक्सी लावायची आणि सकाळी पाण्यात. इपॉक्सीचं रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरला दादा 'विरजण' म्हणतो. त्याने ते मोजून घेतलं, तर वहिनी म्हणाल्या, "अवो, एवढ्या उन्हात एवढं विरजण? आंबटढ्याण हुईल की!"

दादा हसला. आणि वहिनींचं मन राखायला खरंच निम्मं घातलं.

दुपार उलटली तरी लेप च्युइंगगमसारखा बोटाला येत होता.

"अगो, ह्ये दही नाय!"

"मग विरजण कशापायी म्हनता?"

वहिनींनी चिकट लेपाकडे पाहिलं. "माझ्यामुळं फिरायचं ऱ्हायलं," एवढंच म्हणाल्या.

होडी दुरुस्त करणाऱ्यांनो, ऊन असो की थंडी, हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. कमी पडलं तर वरून ओतून भागत नाही, सगळं खरवडावं लागतं. उन्हात थोडं थोडं कालवा, पसरट ताटलीत, सावलीत. खोल डब्यात राहिलं तर तापून धूर येतो.

दादाने वहिनींच्या हातात नवे हातमोजे चढवले, बांगड्या सांभाळून. मग तिघं भिडलो. पटाशीने खरवड, ॲसिटोनने पूस, पॉलिशपेपर मार. उन्हं कलताना नवा लेप बसला, या वेळी मोजून. मुक्काम मच्छीमाराच्या खोलीवर. माशाचं कालवण एक नंबर.

सकाळी दादाने लेपावर नख दाबलं. रुतलं नाही. "खलास!" इकडच्या अरबीत, म्हणजे काम झालं. पूर्ण ताकद यायला आठवडा लागतो, त्यामुळे लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यातच फिरायचं ठरलं. मी किनाऱ्यावर थांबलो. वहिनींनी आधी तळाला हात फिरवला. कोरडा. मग दादाचा दंड घट्ट धरून बसल्या.

"घाबरतेस?"

"तुमी हाय की."

फेरी मारून आले, पण त्या उतरेनात. "इमानाला येळ हाय न्हवं? आनी एक."

नाशिकला घरी येऊन बरेच दिवस झाले. हाताला चिकटलेलं रेझिन गेलं. मनात राहिली ती दुसरी फेरी. दादाने वल्हं आत घेतलं होतं, वहिनी बोलत होत्या, आणि होडी कुठंच जात नव्हती.