चहाच्या रंगाची चौकट

“हा, की हा?”

“कुठलाही.”

“कुठलाही म्हणजे कुठला?”

“कुठलाही म्हणजे, बाळ, कुठलाही. डोळे मीट आणि बोट ठेव. ज्यावर पडेल तो.”

“असं कसं, आक्का? हा मॅट आहे, हात फिरवून बघ, कसा शांत लागतो. आणि हा ग्लॉसी. यात तोंड दिसतं.”

“कुणाचं?”

“तुझंच.”

“मग तो नकोच. रस्ता सोडून मी माझं तोंड कशाला बघत बसू?”

“म्हणजे मॅट?”

“मी असं म्हणाले का?”

पासष्टी ओलांडलेल्या बाळने हातातल्या दोन्ही फळ्या टेबलावर ठेवल्या आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. त्याला बाळ म्हणणारी आता थोरली बहीण आक्का ही एकटीच उरली होती. बाकी सगळ्यांसाठी ते दातवाले. कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे आणि दातवाले दात पाठवायचे. समोरच्याच खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. नवखा माणूस आत आला की आधी जबड्यांकडे बघायचा आणि मग गुपचूप स्वतःचं तोंड मिटायचा.

पांढरा असा काही रंगच नसतो, असं दातवाल्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या लेखी एक चाळिशीचा पांढरा होता, एक सिगारेट सोडलेल्याचा पांढरा होता आणि एक, सिगारेट सोडली असं नुसतं बायकोला सांगितलेल्याचा. प्रत्येक दात ते खिडकीपाशी नेऊन सकाळच्या उजेडात बघत, मग दुपारच्या, मग दिव्याच्या. एका वकिलाची कवळी त्यांना स्वतःलाच पसंत पडेना म्हणून त्यांनी इतक्यांदा परत घेतली, की तेवढ्या काळात वकीलसाहेबांनी तोंड न उघडता, नुसते कागद पुढे सरकवून एक खटला लढवला. आणि जिंकला. पुढे कवळी बसली तसे ते हरायला लागले, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, काहीही म्हणतात.

अशा माणसाच्या तावडीत आक्काची गाडी सापडली होती.

आक्काने उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवली. तिची मोटर शाळा म्हणजे ही एकच गाडी, छोटी, गोल पाठीची, आणि तिला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या आक्काच्या. पहिला मनाच्या समाधानासाठी आणि दुसरा गाडी थांबवण्यासाठी. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कुणी ना कुणी स्टिअरिंगला लटकलेलं असायचं. संध्याकाळचा शेवटचा शिकाऊ आक्काला तिच्या दारात सोडायचा, गाडी मागे घेऊन लावायचा आणि चालत घरी जायचा. गाडी मागे घेणं हाच त्याचा धडा. सकाळी पहिला यायचा तो तिथूनच काढायचा. त्यामुळे झालं काय, की दुसऱ्यांच्या गाड्या आक्काने खूप हाकल्या, पण या गाडीत ती वर्षानुवर्षं शेजारीच बसली. शाळा बंद केली, गाडी विकली, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “सगळ्यांना उतरवून एकदा एकटीने न्यायची राहिलीच की.”

दातवाल्यांनी ते ऐकलं होतं. आणि पुढे कधीतरी, एका गोदामामागे ताडपत्रीखाली तीच गाडी त्यांना दिसली, तेव्हा ती ओढून आणून त्यांनी अंगणात उभी केली. आक्काला बोलावून घेतलं आणि म्हणाले, “तुझी गाडी. मी नवी करून देतो. तू चालवायची. एकटीने.”

आक्का तेव्हा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली होती, “बघू.” पण त्या दिवशी ती जेवताना दोनदा हसली, असं दातवाल्यांच्या बायकोचं निरीक्षण आहे.

आता गाडी उभी होती. इंजिन लागलं होतं, टायर आले होते, पत्र्याला रंग चढला होता, सीटांना कव्हरं बसली होती. राहिली होती ती फक्त डॅशबोर्डची चौकट, म्हणजे स्टिअरिंगपासून पार दुसऱ्या दारापर्यंत जाणारी लाकडी पट्टी, जिच्या गोल भोकांत वेगाची, पेट्रोलची सगळी घड्याळं बसतात. मधल्या कुण्या मालकाने तिच्यावर काळा ऑइलपेंट फासला होता. तो खरवडताना खालचा मूळ रंगही गेला. तूर्तास गॅरेजवाल्याने प्लायवूडचा एक तुकडा स्क्रूने ठोकून त्यावर घड्याळं बसवून दिली होती. काटे बरोबर चालत होते. गॅरेजवाल्याच्या मते गाडी तयार होती. दातवाल्यांच्या मते तिचे पुढचे दात बसायचे होते, आणि पुढचे दात नसलेल्या कुणाला त्यांनी आजवर घराबाहेर पाठवलं नव्हतं.

आता अडचण अशी होती, की आक्काचा परवाना शुक्रवारी संपत होता. नवा मिळवायचा तर डोळे तपासून घ्यावे लागणार. डोळ्यांच्या डॉक्टरने तर आधीच सांगून ठेवलं होतं, की आज दिवसाउजेडी चालवताय ते ठीक आहे, पण पुढच्या वर्षाचं माझ्याकडून वदवून घेऊ नका. आक्का त्यावर म्हणाली, “जन्मभर मी लोकांना नापास केलं. आता या वयात मला नापास करायचा मान मी कुणाला देत नसते.” शुक्रवारनंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. आणि आज बुधवार होता.

“आक्का, तू नीट बघतच नाहीयेस,” दातवाले म्हणाले.

“बघून बघून डोळे उरले नाहीत तेवढे. मागच्या खेपेला मी ती तिसरी फळी बरी म्हणाले होते.”

“बरी म्हणालीस. हीच ती, असं म्हणाली नाहीस.”

“अरे, बरी म्हणजे चालेल. मी कुणालाही ‘उत्तम’ म्हणून पास केलेलं नाही. ‘बरं चालवतेस, जा’ म्हणायचे. त्या सगळ्या अजून जिवंत आहेत.”

“पण तू सांगितलेला रंग तो नव्हता. तू फोनवर स्पष्ट सांगितलंस, चौकट चहाच्या रंगाची होती. माझ्या कानात आहे अजून.”

“होतीच चहाच्या रंगाची. मी कुठे नाही म्हणते? इतकी वर्षं तीच तर समोर होती. मुलं रस्त्याकडे बघायची आणि मी त्या चौकटीकडे. रस्त्याकडे बघवायचं नाही.”

“मग? वर्ष झालं, मी चहाच जुळवतोय.” दातवाल्यांनी टेबलाखालचं खोकं ओढलं. आत फळ्यांचे तुकडेच तुकडे. “हा उकळलेला चहा. हा कमी उकळलेला. हा लाखेच्या पॉलिशचा, हा मेलामाइनचा. हा पावसाळी हवेत वाळवला म्हणून जरा दबलाय.”

“दबलेय मीही.”

हे बोलली ती दातवाल्यांची बायको. ती ट्रे घेऊन दारात कधीची उभी होती आणि टेबलावर ट्रे ठेवायला जागा शोधत होती. “गेलं वर्षभर आमच्याकडे चहा प्यायचा नसतो, आक्का. आधी तो खिडकीत न्यायचा. फळी शेजारी धरायची. मग मान हलवायची. मग तो गार झाला म्हणून दुसरा मागायचा. अहो, ते दोन जबडे सरकवा जरा.”

“ते चौकातल्या मास्तरांचे आहेत. हळू.”

“मास्तरांनाच सरकवा मग.”

मास्तर सरकले. ट्रे टेकला. आक्काने आपला कप उचलला आणि दातवाल्यांनी एक नवाकोरा तुकडा तिच्या नाकासमोर धरला.

“हा शेवटचा. आज सकाळचाच. दूध कालच्यापेक्षा चमचाभर कमी धरलंय. आता बोल.”

आक्काचा कप ओठांशीच थांबला.

“कसलं दूध?”

“चहातलं.”

“कुणाच्या चहातलं?”

“कुणाच्या म्हणजे? चहातलं, आक्का. चहात असतं ते.”

बायकोने एकदा आक्काच्या कपाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या कपाकडे, आणि मग खिडकीखालच्या खुर्चीवर हळूच बसली. उभ्याने ऐकण्यासारखं हे नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली, “आक्का चहात दूध कधीपासून घेतात?”

दातवाल्यांनी आपला कप पाहिला. त्यात मऊ, फिकट, बदामी चहा होता. त्यांनी आक्काचा कप पाहिला. त्यात कोरा चहा होता, गडद, तांबूस, तळाशी जवळजवळ काळा. तो तसाच असायचा. शाळेच्या गाडीत आक्काच्या पायाशी थर्मास असायचा तोही कोऱ्या चहाचा, कारण दूध फाटायचं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ते हा कप बघत आले होते. पण चहा म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे आपला स्वतःचा चहा येतो, तिथे इलाज नाही. दातांच्या पांढऱ्यात चोवीस पांढरे ओळखणाऱ्या माणसाने वर्षभर सख्ख्या बहिणीच्या चहात दूध घातलं होतं.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मला काय ठाऊक, तुम्ही कुणाचा चहा रंगवताय ते? मला वाटलं, तुम्हाला घरचाच आवडला.”

आक्का हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलवत. चहा सांडू नये म्हणून तिने कप मास्तरांच्या जबड्याशेजारी ठेवला. “बदामी,” ती म्हणाली. “माझी गाडी बदामी करत होता हा. बाळ, अरे, त्यापेक्षा काळा ऑइलपेंट परवडला.”

पण दातवाले हसत नव्हते. ते तिचा कप घेऊन खिडकीकडे निघालेही होते. त्यांनी कप उजेडात धरला, तिरका केला, कडेला चहा पातळ झाला तिथे डोळा लावला.

“लाल आहे गं हा,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला. “खाली तपकिरी आणि कडेला लाल. म्हणजे साधं पॉलिश नव्हतंच ते. आधी लालसर हात मारलेला असणार, त्यावर गडद. मला उगाच वाटत होतं, की चूक हाताची आहे. आक्का, सापडलं. आता सापडलं म्हणजे झालंच.”

“झालं ना? बस मग.”

“पंधरा दिवस दे फक्त.”

बायकोने डोळे मिटले.

“आज वार कोणता?” आक्काने विचारलं.

“बुधवार. पण असं बघ, लालसर थर वाळायलाच तीन दिवस लागतात. घाई केली की फुगे येतात. वर पुन्हा मॅट मारायचा की ग्लॉसी, ते ठरायचंय. कोरा चहा चमकतो, त्यामुळे आता ग्लॉसीचाही विचार करायला...”

“बाळ. माझा परवाना कधीपर्यंत आहे?”

“शुक्रवारपर्यंत. ते आहे माझ्या डोक्यात. मी काढलाय त्यावर तोडगा.” दातवाले खिडकीकडून वळले. आनंदाने त्यांचा चेहरा नुकत्याच बसवलेल्या कवळीसारखा लखलखत होता. “शुक्रवार गेला तर गेला. गाडी कुठे पळून जातेय? चौकट बसली की मी चालवीन ना. तू मस्त शेजारी बस.”

दातवाल्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. आपण काय बोललो हे त्यांना कळायला मात्र थोडा वेळ लागला. तोवर आक्काचं हसणं विरून गेलं होतं. ती रागावलेली दिसत नव्हती. नवखा शिकाऊ भर चौकात गाडी बंद पाडतो तेव्हा ती जशी शांत व्हायची, तशी ती शांत झाली होती.

“तसं नव्हतं म्हणायचं मला,” दातवाले म्हणाले. “शेजारी म्हणजे, तेवढ्यापुरतं. आक्का. मी इतकं केलं ते तुझ्यासाठीच ना? तुला ती होती तशी मिळावी म्हणून.”

“मला ती होती तशी नकोय,” आक्का म्हणाली. “होती तशी मी बघितलीय. त्या बाजूने.”

तिने आपला कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उरलेला चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. पर्समधून लांबचं बघायचा चष्मा काढला, पदराने पुसला, नाकावरचा उतरवून तो चढवला. गाडीची किल्ली हरवू नये म्हणून दातवाल्यांनी एका बिनमालकाच्या जबड्यात ठेवलेली असायची. आक्काने जबडा उचलला, किल्ली काढली आणि जबडा पुन्हा ओळीत नीट लावून ठेवला.

“आक्का, अगं, आत प्लायवूड आहे. नुसतं उघडं प्लायवूड. स्क्रूसुद्धा दिसतात.”

आक्काने पर्सची चेन लावली.

“मी येऊ का सोबत? मागे बसतो. मागे, हं. बोलणार नाही.”

बायको उठून दारातून बाजूला झाली. आक्काने जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला, उंबऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या.

“बरं, निदान एवढं सांगून जा,” हातात दोन फळ्या धरून दातवाले तिच्या मागे दारापर्यंत आले. “मॅट की ग्लॉसी?”

आक्का अंगणाच्या तीन पायऱ्या उतरली आणि गाडीकडे चालू लागली.