अंगठा गंगप्पाचा, दिवा माझा

फोन आला तेव्हा माझा अंगठा वसंताच्याच यंत्रावर होता. केलगेरीच्या घरून त्याची बायको सुमावहिनी बोलत होती, "अण्णा, हे गेले... झोपेतच." त्याला आता महिना होत आला. त्या दिवशी आमच्या दाजीबानपेठेत एकच प्रश्न फिरत होता: दुसऱ्यांचं दुखणं आधी सांगणाऱ्याला स्वतःचं कसं कळलं नाही? सांगायला लाज वाटते, पण हा प्रश्न पेठेत सोडला मीच. संशय हा आमचा वडिलोपार्जित धंदा. कापडाचं दुकान ही त्याची शाखा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसंतानं चांगली नोकरी सोडली, तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतली आणि हे यंत्र बनवलं. रोज सकाळी पाच मिनिटं अंगठा ठेवायचा. यंत्र तुमची नाडी लक्षात ठेवणार, आजची जुनीशी ताडून बघणार आणि काही बिघडायच्या बेतात असेल तर हिरव्याऐवजी लाल दिवा लावणार. चाचणीसाठी त्यानं पेठेतल्या सहा दुकानदारांना एकेक यंत्र दिलं. मी शाळेपासूनचा मित्र, म्हणून संशय सगळ्यात जास्त मला. त्याचा मेहुणा डॉक्टर! लाल दिवा लागला की गिऱ्हाईक सरळ मेहुण्याच्या दारात, हे मी केव्हाच ओळखलं होतं.

मग मी सापळा लावला. दोन महिने स्वतःचा अंगठा दिल्यावर एका सकाळी आमच्या हमालाचा, गंगप्पाचा ठेवला. कापडाची गाठ एकट्यानं उचलणारा गडी. पाच मिनिटांत लाल दिवा! गंगप्पाचा चेहरा उतरला. "मालक, अंगठा माझा, यंत्र तुमच्या नावाचं... मग मरायचं कुणी?"

त्याला घेऊन मी विजयी मुद्रेनं तारिहाळ गाठलं. वसंतानं आधी गंगप्पाला मेहुण्याकडे नेऊन तपासलं (बघा, गिऱ्हाईक!). गंगप्पा ठणठणीत निघाला, मेहुण्यानं फी घेतली नाही. मग वसंता हसत सुटला. "अरे दिगू, यंत्र तुझ्या नाडीशी ताडतंय. हा माणूस दिगू नव्हे, एवढंच सांगितलं की त्यानं!"

पण पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर चाचणीच्या नोंदी बघायला येणार होते. त्यांच्या ऑर्डरवर शेडमधली बारा माणसं अवलंबून होती. मी म्हटलं, "एका दिवसाचं पान फाड. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," वसंता म्हणाला.

त्यानं डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझं नाव सोडून. "चाचणी नीट राखणं माझं काम होतं, चुकलं." सहात एक अंगठा खोटा, तर बाकीच्या पाचांचा काय भरवसा, म्हणत ते उठले. वसंतानं बाराही जणांना दुसऱ्या कारखान्यांत लावून दिलं आणि मगच शेडला कुलूप घातलं. तरी मला वाटायचं, हा कधीतरी याचं उट्टं काढणार. इतकी वर्षं वाट बघितली... त्यानं विषयच काढला नाही. संशय घेत घेत अंगठा मात्र मी रोज ठेवत राहिलो.

दहाव्याला गंगप्पा माझ्याशेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "मालक, त्या दिव्यापास्नं मला झोपच येत नव्हती. म्हणून वसंतण्णांनी त्यांचं सोताचं यंत्र माझ्या नाडीवर लावून मला दिलं. अजून रोज अंगठा लावतोय."

पेठेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी ते अजून पेठेत सांगितलेलं नाही. इथंच लिहितोय.

यंत्र दुकानात गादीशेजारीच आहे. त्या सकाळी फोन ठेवला तेव्हा अंगठा अजून त्याच्यावरच होता आणि दिवा लाल झाला होता. पहिल्यांदाच मला त्या दिव्याचा संशय आला नाही.