वर धरलेला पाय
बेटाडिनचा वास आला की मला कांदिवलीच्या रुग्णालयातलं ते ऑपरेशन आठवतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांनी हातात स्टीलची पट्टी दिली तेव्हा चुकण्याचीच भीती जास्त होती. त्यांच्या अभ्यासासाठी नडगीचं किती हाड उघडं पडलंय ते मोजायचं होतं. "हाड चावत नाही गं, लाव पट्टी," सर म्हणाले. त्या ओलसर, निळसर पांढऱ्या हाडावर मी पट्टी टेकवली, तोच पेशंटच्या छातीपाशी लावलेल्या पडद्यापलीकडून आवाज आला, "पोरी, माझा पाय वर कशाला धरलायस? खाली ठेव ना." वर्सोव्याची ती मासे विकणारी मावशी जागी होती, फक्त कमरेखाली बधिर केलेली. पाय तर माझ्यासमोर टेबलावर सपाट पडला होता. भूल देताना पाय दुमडलेला असला की पेशंटला पुढेही तसंच वाटत राहतं, असं भूल देणाऱ्या मॅडम हळूच म्हणाल्या. "ठेवला, मावशी," मी म्हटलं. "खोटं नको बोलू. वरच हाय." ती उठायला धडपडू लागली, आणि इकडे हाड उघडं. पट्टी बाजूला ठेवून मी दोन्ही हात पायावरच्या रिकाम्या हवेत नेले आणि काही जड धरल्यासारखे सावकाश खाली आणले. पडद्याआडून तिला ते दिसणं शक्यच नव्हतं. "हां, आता टेकला," ती म्हणाली आणि शांत झाली. मग मी मोजलं, नऊ सेंटिमीटर. आता मी मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, भुलीत असं का वाटतं ते मला नीट समजावून सांगता येतं. पण त्या वेळी माझ्या तळहातांना वजन लागलं होतं, ते कुणाला विचारावं हे अजून कळत नाही.